हळदीच्या लॉनला बंबाचं पाणी

६ मार्च

"बंबात पाणीच नव्हतं, त आला काऊन?" कोकिळाबाईंनी विचारलं. मी रिकामा पाईप गुंडाळत होते.

त्यांचा गोठा पेटला होता, शेजारी कुटाराचा, गुरांच्या सुक्या भुश्श्याचा ढीग. आम्ही वेळेवर पोचलो होतो! पाईप ओढला, झडप उघडली. जरा वेळ जोर, मग घरच्या नळासारखी धार, मग नुसती हवा. सगळं गाव बघत होतं. गाय दावं तोडून पळाली. वासराला तोडता आलं नाही.

आगीच्या तासभर आधी बंब कुठे होता? नगराध्यक्षांच्या कुणा पाहुण्याच्या अंगणात, धूळ बसवायला. मी अग्निशमन अधिकारी – आणि हे मला संध्याकाळी कळलं.

७ मार्च

आमचा ड्रायव्हर तुळशीराम म्हणाला, "वरून फोन आला का न्याच लागते, मॅडम. कोनाचं लगन, कोनाची मिरवणूक. फायरची गाडी म्हंजे सगळ्यायचीच गाडी."

उन्हाळ्यात टाकी पुन्हा भरायला दीड तास जातो. तेवढा वेळ सगळं शहर उघडं. हे त्यालाही माहीत आहे.

आजपासून बंब फक्त आगीवर जाईल. स्टेशनवर सगळ्यांसमोर सांगितलं. फायरमन एकमेकांकडे बघून हसले. हसू देत.

१२ मार्च

तीन फोन. तिन्हींना नाही.

१५ मार्च

अमडापूरला घरी आले. बातमी माझ्याआधी आली होती! घरात पदवी घेतलेली पहिली मी, वर्दीतलीही पहिली. आबा माझी वर्दी मुद्दाम रस्त्याच्या बाजूच्या दोरीवर वाळत घालतात. आज ते म्हणाले, "मोठ्या लोकायशी काऊन भिडून राह्यली बाई? अजून पक्की नाही तू."

खरंच आहे. प्रोबेशन संपायला अजून चार महिने. नगरपालिकेच्या मुख्याधिकारी साहेबांचा शेरा वाईट पडला, तर वर्दी गेली.

आई भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "पन वासरू त मेलंच ना?"



१९ मार्च

नगराध्यक्षांचा पुतण्या गंधार स्टेशनवर आला. बहिणीची हळद, लॉनचं गवत सुकलंय, जरा फवारा मारून द्या. मी म्हटलं, टँकर मागवा.

"टँकर त मी दहा मागवतो. पन तुमचा फवारा भारी असते ना!"

म्हणजे अडचण नाहीच. नुसती हौस! मी नाही म्हटलं. जाता जाता म्हणाला, "मॅडम, तुम्ही आगी विझवून राह्यल्या का लावून राह्यल्या?" सगळे हसले. तुळशीरामही. टोमणा चांगला होता, मलाही हसू आलं असतं. कोकिळाबाईंचा गोठा पाहिला नसता तर.

२० मार्च

मुख्याधिकारी साहेबांनी बोलावलं. बसा म्हणाले नाहीत.

"आग काय रोज लागते?"

"नाही सर. पण लागायच्या आधी कळवत नाही."

"उद्या दहाला बंब लॉनवर पाहिजे. हा माझा आदेश आहे. तुमचा शेरा मीच लिहिणार आहे, विसरू नका."

बाहेर आले आणि स्टेशनपर्यंत तरातरा चालत गेले. रागाने. बरं – थोडं भीतीनेही.

२१ मार्च

आदेश पाळला. बंब लॉनवर नेला.

भोंगा लावून! भर बाजारातून! उगाच भोंगा वाजवणं नियमात बसत नाही, माहीत आहे. हळदीचं गवत तरी कुठे बसतं? आग बघायला माणसं धावतातच – मोटारसायकली, रिक्षा, भाजीवाल्या. लॉनच्या फाटकाशी ही गर्दी. "कुठं लागली? कुठं लागली?"

गाडीवरच्या माईकवरून सांगितलं – कुठेच नाही. हे गवत भिजवायला बंब आणलाय. टाकी रिकामी झाली की दीड तास तुमच्या घरांसाठी पाणी नाही. ज्याला हे चालतंय त्याने पाईप धरावा.

पाईप गंधारच्या पायाशी ठेवला. कुणीच उचलला नाही. त्यानेही नाही.

बंब भरलेला परत आणला.