भिंतीपलीकडची विकेट

निपाणी, रविवार, दिवेलागण

चूक माझीच. पत्ता कर्नाटकातला म्हणून डिशवर कन्नड पॅक, मराठीला वेगळे पैसे. मग मीच डिश बंद करून ॲप घेतलं. मराठी कॉमेंट्री, तीही स्वस्तात. आप्पांसाठी म्हणून केलं, पण माझ्या बापाला कॉमेंट्री कधी लागली होती? टीव्हीचा आवाज बंद करून स्वतःच बोलायचे. "आता उचलून मारतोय बघ," म्हणायचे आणि तो मारायचा. गल्लीतली माणसं ऐकायला येऊन बसायची.

आज शेवटची ओव्हर. आमचं चित्र भुरकट झालं, अडकलं, पुन्हा सुरू झालं. बॅट्समन निवांत हातमोजे घट्ट करत होता. आप्पांनी बोलायला तोंड उघडलं, तोच भिंतीपलीकडून शेजारचे अण्णा ओरडले, "गेला रं, गेला!" त्यांच्याकडं अजून डिश आहे. आमच्याकडं ॲपवर सगळं उशिरा पोचतं. आउट झालेला माणूस अजून हातमोजेच घट्ट करतोय!

आप्पांनी तोंड मिटलं.

"बोला की, आप्पा."

"काय बोलू गं? झालेलं सांगायला मी कशाला पायजे?"

डिश परत लावते म्हटलं, तर म्हणाले, "नको. दोन महिनं झालं, आता सवय मोडली. लई बोलत होतो मी."

ते हातमोजे डोळ्यांसमोरून हलत नाहीत. मी तरी वेगळं काय केलं? आप्पा कधीच गप्प झाले होते आणि मी मराठी आवाज वाढवत बसले होते.