निवृत्तीच्या गळ्यातली डबी

नांदेड,
११ मे १९८३

प्रिय शिवकन्या अक्कास,
धाकट्या गुरुबसप्पाचा शरणार्थ.

तुझं लग्न झाल्यापासूनचं हे माझं पहिलंच पत्र. अक्षर ओळखलंस ना? अजून तसंच आहे, कोंबडीच्या पायांचं. तू आणि दाजी खुशाल असाल. हदगावला पाणी आहे का? आमच्या लातूरचा जिल्हा झाला, पाट्या नव्या रंगल्या, साहेब लोक आले. नळाला पाणी तेवढं यायचं राहिलंय.

मी लातूरच्या दवाखान्यात कारकून आहे. तिथं न झेपणारे पेशंट मोठ्या दवाखान्यात पोचवायचं काम माझ्याकडे. फोन लावून खाट आहे का विचारायचं, गाडी जुळवायची, रडणाऱ्यांना चहा पाजायचा. निघताना पेशंटच्या अंगावरचा डागदागिना काढून नातेवाइकाच्या हाती द्यायचा, हा आमचा रिवाज. लोक मला ‘पोचवणारे अण्णा’ म्हणतात. ऐकायला जरा अशुभच, पण प्रेमानं म्हणतात.

आज मात्र आमच्या गाडीच्या ड्रायव्हरचं, निवृत्तीचं कौतुक सांगायला बसलोय.

काल रेणापूरहून एक म्हातारी आली. पित्ताच्या पिशवीत खडे, दुखण्यानं शुद्ध हरपलेली. निवृत्तीच्या गाडीतून तिला नांदेडला आणलं. इथं तिनं डोळे उघडले, गळा चाचपला आणि हंबरडाच फोडला. लिंगाची चांदीची डबी गळ्यात नव्हती. कारकुनानं ती रिवाजाप्रमाणे काढली होती. त्याला वाटलं, नातेवाइकानं घेतली. नातेवाइकाला वाटलं, कारकुनाजवळ आहे. डबी राहिली लातूरच्या टेबलाच्या खणात. आणि म्हातारी लिंगपूजेवाचून पाण्याचा घोट घेईना.

अक्का, कारकून मीच आणि नातेवाईकही मीच. ती आपली अव्वा आहे.

एवढं लिहायला किती आडवळणं घेतली बघ.

निवृत्ती तोवर रिकामी गाडी घेऊन लातूरला परतला होता. मी तिकडे फोन केला. आज दुसरा पेशंट घेऊन तो आला, तेव्हा डबी त्याच्या गळ्यात होती. “खिशात कशी ठिवू अण्णा? देव हाय त्यो,” म्हणाला. त्याच्या बायकोनं, केवळाबाईनं, टँकरवर भांडून आणलेली एकुलती घागर पारोशानं देवाला शिवू नये म्हणून आधी त्याच्या डोक्यावर ओतली आणि मगच त्याला डबीसाठी घराबाहेर सोडलं. त्या घरात आज प्यायला काय उरलं असेल, ते विचारायची माझी छाती झाली नाही. वाटेत या गड्यानं बिडीसुद्धा ओढली नाही, आणि एरवी धुराड्याला लाजवील असा आहे! मी भर व्हरांड्यात त्याच्या पाया पडलो. अशा माणसाबरोबर काम करतो, याचा मला अभिमान वाटतो.

अव्वानं पूजा केली, पाणी प्याली आणि बराच वेळ निवृत्तीकडे बघत राहिली.

मग डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनच्या वेळी गळ्यात काही चालणार नाही, डबी कुणीतरी बाहेर धरून बसा. मी हात पुढे केला.

“तू नगं. तू इसरतूस,” अव्वा म्हणाली. “शिवकन्येला बोलीव.”

मला वाटलं, तापात बरळते आहे. समाजाबाहेर लग्न केलंस म्हणून तुझं नावही घरात काढू न देणारी बाई ती!

“काय बघतूस? त्या परक्या माणसानं उरावर धरून आणलं, तर लिंग न्हाई बाटलं. मग माझ्या लेकीच्या हातात काय बाटतंय? ती आल्याबिगर मी कागदावर अंगठा देत न्हाई.”

डॉक्टर उद्या सकाळच्या पुढे थांबायला तयार नाहीत. पिशवी फुटली तर अव्वा हाती लागणार नाही म्हणतात.

इथून हदगावच्या एका बाळंतिणीला घरी सोडायचं होतं. इथल्या साहेबांना हात जोडून ती खेप निवृत्तीला मिळवून दिली. जुळवाजुळव हेच तर माझं काम. पत्रही तोच देतो आहे. तुझा राग असेल, तर तो घेऊनच गाडीत बस. मायलेकी इथं भांडा, मी मध्ये पडणार नाही. फक्त निवृत्तीला आधी तांब्याभर पाणी दे.

दवाखान्याच्या फाटकाशी उभा असलेला,
तुझा विसरभोळा
गुरुबसप्पा

ता. क. खालचा निळा ठसा अव्वाच्या अंगठ्याचा आहे. डॉक्टरांच्या कागदावर अजून दिलेला नाही. तुझ्या पत्रावर मात्र मागून घेऊन दिला.