कमानीचा नारळ

मंगळवार, संध्याकाळ. जळोची.

कमानीचा नारळ फुटला म्हणे! डोकं फिरायची वेळ आली आहे.

वडगाव निंबाळकरच्या अभ्यासिकेचा आराखडा मी करते आहे. एक खोली, बाकं, मुलींसाठी शौचालय. मिळालेल्या निधीत एवढंच बसतं. काल बैठकीत समितीचे तात्या म्हणाले, "दारात कमान तर पायजेच की, मॅडम." मी चहा पीत गप्प राहिले. वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत नाही कसं म्हणायचं? त्यांनी तो होकार धरला आणि आज सकाळी नारळ फोडून मोकळे झाले.

आत्ता फोन केला. "तात्या, कमान घेतली तर शौचालय जातं."

"पोरींची घरं काय लांब हायती व्हय?"

"घरी गेलेल्या मुलीला परत अभ्यासाला कोण पाठवतंय? भांडी घासायला बसवतील."

"ते बी खरं. पण नारळ फुटलाय न्हवं? गाव हसंल."

"कमान पुढं कधीतरी होईल. उद्या शौचालयाच्या जागेवर फोडू."

"शौचालयाचा नारळ!" तात्या खो खो हसले. "या मग. पण नारळ तुमचा."

नारळ पिशवीत टाकला. मग आराखड्याखाली ठळक लिहिलं: कमान या कामात नाही.

एवढं एक वाक्य पहिल्याच दिवशी लिहायला काय झालं होतं मला?