पाचवी बरणी

हिकरी फोर्क, केंटकी
११ जानेवारी २०२२, दुपारचे सव्वातीन

ती. ज्युएलताईस लायमनचा सा. न.

भट्टीची नळी पुसली आणि लिहायला बसलो. फोनवर बोलताना शेजारी बायको, लोरीन, असते, आणि हे मी तिलाही सांगितलेलं नाही. सप्टेंबरच्या आजारापासून मला वास येत नाही. कॉफी, शेण, आंबलेला मका, सगळं सारखंच.

बाबा म्हणायचे, धारेची सुरुवात विष, मधली व्हिस्की, शेवट ओला कुत्रा. कुठे थांबायचं ते नाक सांगतं. मी आता तापमान बघून थांबतो. पिंपं घेणारा लुइव्हिलचा व्यापारी चाखून म्हणाला, स्वच्छ आहे, पण तुमच्या वडिलांची नाही. मार्चमध्ये पुन्हा येईल. तेव्हाही नको म्हणाला तर भट्टी विकावी लागेल.

लहानपणी बाबा तुझंच नाक वापरायचे. तू चर्चची, थेंबही घेत नाहीस. तरी ओहायोला माल नेणाऱ्या ड्वेनच्या ट्रकमधून एकाच धारेच्या आठ बरण्या क्रमाने पाठवतोय. नुसत्या हुंग. चौथीनंतरचं मी टाकून देतो.

बरण्यांपायी लोभ आटू देऊ नकोस.
लायमन

डेटन, ओहायो
२३ जानेवारी

चि. लायमन यास अ. उ. आ.

ड्वेनने बरण्या नेमक्या पाद्र्याच्या बायकोसमोर उतरवल्या आणि लोणचं म्हणून सांगितलं. हे पाप तुझ्या नावावर.

पहिलीला नखं रंगवायच्या रंगाचा वास. पुढच्या तीन चांगल्या, पण धुऊन काढल्यासारख्या. पाचवी उघडली आणि मी खुर्चीत बसलेच. तंबाखूची कोठी, तव्याला लागलेला मक्याचा पाव, बाबांचं जाकीट. सहावी त्याहून दाट. ओल्या कुत्र्याचा वास सातवीत आला. म्हणजे गाढवा, तू भीतीपोटी व्हिस्कीच फेकत होतास! लहानपणी नदीतही घोटाभर पाण्यापुढे कधी गेला नाहीस.

फेब्रुवारीत भट्टी लावशील तेव्हा येते. हुंगणं म्हणजे पिणं का, हे चर्चमध्ये विचारलेलं नाही, विचारणारही नाही. लोरीनला मात्र आजच सांग.

जीव सांभाळ, पत्र टाक.
ज्युएल

हिकरी फोर्क
९ मार्च

ती. ताईस सा. न.

फार थकलोय, म्हणून उशीर. लोरीनला कधीचंच ठाऊक होतं. नाताळात तिने मुद्दाम करपलेला घेवडा वाढला होता आणि मी दोनदा मागून घेतला.

तू होतीस त्या तिन्ही दिवशी चौथ्या बरणीला माझा हात नळ बंद करायला जायचा आणि तुझी चापट बसायची. तू गेल्यावरही हात चुरचुरत होता. भरलेलं चाखून बघितलं. जिभेला नुसता चटका लागला. डॉक्टर म्हणतात, वास येईल किंवा येणार नाही.

काल व्यापारी आला. पेल्यात नाक घातलं, एक घोट घेतला, पुन्हा नाक घातलं. मी दारात जाऊन उभा राहिलो. मग तिन्ही पिंपं घेतो म्हणाला. बाटलीवर गाळणाऱ्याचं नाव छापायचंय, ते विचारलं. मी तुझं सांगितलं.

पिंपात मुरून बाटल्या निघायला चार वर्षं आहेत. तोवर चर्चमध्ये काय सांगायचं ते ठरव. पुढची भट्टी एप्रिलच्या पहिल्या सोमवारी लावतोय.

राग आला तरी माया राहू दे, आणि ये.
लायमन