हाताला सिमेंट न लागलेले गवंडी

जळगाव,
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप भटूआबांना धाकट्या पुनाचा वाकून नमस्कार.

चार वर्षांनी माझं अक्षर बघून घाबरू नका, घरचं कोणी गेलेलं नाही. (बाहेरचं एक माणूस गेलं, ते पुढे येईलच.) तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींची शुगर? चोपड्याला पाणी किती दिवसांआड येतं? आमच्याकडे सगळे बरे. तुमची भावजय नूतन तुम्हा दोघांना नमस्कार सांगते. (मी पत्र लिहितोय हे तिला सांगितलेलं नाही, पण सांगितलं असतं तर तिने नमस्कार सांगितलाच असता.) तोंडाने मी तुम्हाला जन्मभर 'तू' म्हणत आलो, पण कागदावर हात आपोआप 'तुम्ही'च लिहितो, त्याला माझा इलाज नाही.

तर आपले लालचंद शेठ वारले. नळ-फरशीच्या दुकानाचे. त्यांच्या घराचं काम आपण दोघांनी केलं होतं, तेव्हा ते रोज संध्याकाळी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायचे आणि हे काय शे, ते कशासाठी शे, असं विचारून जीव खायचे, ते तुम्हाला आठवत असेल. गेल्या आठवड्यात त्यांच्या नातवाचा, मननचा फोन आला. म्हणाला, रविवारी सकाळी अकराला लॉजमध्ये आजोबांची स्मरणसभा आहे, काका तुम्ही पाहिजेच. आता लॉज म्हटल्यावर माणूस कुठे जाईल? मी स्वच्छ शर्ट घालून, गुलाबाचा हार घेऊन स्टेशनसमोरच्या लॉजवर गेलो. काउंटरवरच्या माणसाने आधार कार्ड मागितलं आणि एकटेच का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, एकटाच, स्मरणसभेला आलोय. त्याने हाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आमच्याकडे मयताचं काही चालत नाही म्हणून मला पायऱ्या उतरवल्या. शेवटी मनन स्वतः स्कूटर घेऊन आला.

वाटेत तो सांगत होता की ही लॉज म्हणजे राहायची जागा नाही, बंधुसंघ आहे, गवंड्यांचा, तीनशे वर्षांपूर्वीचा, विलायतेतून आलेला. मी मागे बसून हार सांभाळत विचार करत होतो की आपल्या धंद्याची इतकी जुनी संघटना आपल्याच गावात, आणि आपण दोघं चाळीस वर्षं भिंती बांधतोय, तर कोणी साधं कळवलं कसं नाही? एका गल्लीत बसकी दगडी इमारत होती. दारावर काटकोनी गुण्या आणि कंपास कोरलेला. मनात म्हटलं, बरोबर जागी आलो. पण दाराशी एक गृहस्थ तलवार घेऊन उभे. (गवंड्याला तलवार कशाला लागते, हे मला अजून कळलेलं नाही.) त्यांनी विचारलं, आपण कोण? मी म्हटलं, गवंडी. ते हसून म्हणाले, आम्हीपण. मी त्यांचे हात पाहिले. लोण्यासारखे. नंतर कळलं की ते दातांचे डॉक्टर.

आत तीसेक माणसं. मननने मला एकेकाची ओळख करून दिली. वकील, प्राध्यापक, सावद्याचे केळीचे व्यापारी, रेल्वेतून निवृत्त झालेले साहेब. सगळ्यांनी कमरेला एप्रन बांधलेले, आणि तेही पांढरे! सिमेंटच्या कामाला पांढरा एप्रन बांधणारा माणूस मी या जन्मात पाहिला नव्हता. मी एकाला हळूच विचारलं, काम किती वाजता सुरू होतं? ते म्हणाले, सुरूच आहे, आम्ही स्वतःला घडवतो. मी मान हलवली. तुम्हाला माहीत आहे, मला काही कळलं नाही की मी मान हलवतो. फरशी मात्र काळीपांढरी, चौकटीची, सांधे सुरेख. ती कोणीतरी खऱ्या गवंड्याने बसवली असणार.

मधे एक रिकामी खुर्ची, तिच्यावर शेठजींचा एप्रन घडी करून ठेवलेला. प्रत्येकाने उठून तिच्यावर काय वाहावं? बाभळीची डहाळी. आबा, बाभूळ! आपल्याकडे बांधाला काटे घालतात, ती. मी हार घेऊन उभा राहिलो तर मननने माझ्याही हातात एक डहाळी दिली. काटा अंगठ्यात गेला. प्राध्यापकांनी सांगितलं की ही कायम हिरवी असते, म्हणून आठवणीची खूण. मग त्यांनी भाषण केलं. गुण्या म्हणजे वागण्यातला काटकोन, सपाटी बघायची पाणसळ म्हणजे सगळे सारखे, दोरीला टांगलेला ओळंबा म्हणजे सरळ चालणं. मी अंगठा चोखत ऐकत होतो आणि सगळंच पटत होतं, पण मग भिंत कशाने बघायची, हेच कळेना.

आणि इथून पुढे नीट वाचा. मननने शेठजींची वही उघडली. ते म्हणे दर महिन्याला या लोकांना काहीतरी शिकवायचे, आणि त्यांचं सगळं शिकवणं त्या वहीत होतं. त्यात लिहिलं होतं:

"माझे गुरू पुना मिस्तरी सांगतात, हलता ओळंबा वाचायचा नाही. तो थांबेपर्यंत आपण थांबायचं. घाई झाली की माणूस वाऱ्यालाच भिंत समजतो."

सगळे माझ्याकडे बघून टाळ्या वाजवायला लागले. आबा, हे वाक्य माझं नाही. हे तुमचं आहे. शेठजींच्या गच्चीवर परांचीवरून तुम्ही मला ते ओरडून सांगितलं होतं, आणि शेठ खाली खुर्चीवर बसून ऐकत होते. त्यांनी माणूस चुकवला. मी तोंड उघडणार तेवढ्यात कोणीतरी शाल माझ्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला, आणि शाल अंगावर असताना खरं बोलणं फार अवघड जातं.

मग म्हणाले, खऱ्या गवंड्याने दोन शब्द बोलावेत. मला सावद्याची भिंत आठवली. तिथल्या एका व्यापाऱ्याच्या घरी सगळ्यांसमोर तुम्ही मला म्हणालात, पाड ती भिंत, आणि मी थापी पिशवीत टाकून निघालो तो आजवर तुमच्याकडे फिरकलो नाही. ती भिंत मी ओळंबा थांबायच्या आत वाचली होती. हे मला तिथे, त्या एप्रनवाल्यांसमोर उभं राहिल्यावर कळलं. पण ते सांगायचं सोडून मी काय बोललो? अध्यक्षांच्या मागचा डावा खांब दोन सूत, म्हणजे पाव इंच, बाहेर आहे, असं बोललो. वकील म्हणाले, मिस्तरी, तो प्रतीकात्मक खांब आहे. मी म्हटलं, "असेल. पण पडला तर डोक्यावरच पडेल." यावरही टाळ्या झाल्या. त्या लोकांना काय आवडेल याचा अंदाज येत नाही.

जेवायला वरण-बट्टी होती. दातांचे डॉक्टर माझ्या शेजारी बसले. त्यांनी सांगितलं की त्यांच्यात एक नियम आहे. दोन बंधूंचं बिनसलं असेल तर एप्रन बांधून आत यायचं नाही. आधी बाहेर जाऊन मिटवायचं. मी म्हटलं, आमच्याकडे उलटं आहे, आम्ही भांडून बाहेर जातो आणि बाहेरच राहतो. ते हसले नाहीत. त्यांनी माझ्या बट्टीवर आणखी तूप वाढलं आणि विचारलं, "सख्खा का?" मी हो म्हटलं. निघताना मी मननला बाजूला घेऊन सांगितलं की वहीत नाव दुरुस्त कर, पुना नाही, भटू. त्याने तिथल्या तिथे पेन काढलं, पण मग थांबला. आजोबांच्या अक्षरावर काट मारवेना. शेवटी शेजारी लहान अक्षरात तुमचं नाव लिहिलं. आता त्या वहीत आपण दोघं शेजारी शेजारी आहोत.

वहिनींना नमस्कार, गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमचा धाकटा,
पुना

ता. क. शाल खरं म्हणजे तुमची. पाठवणार होतो, पण नूतनने ती मिक्सरवर झाकली आणि मिक्सरला फार शोभते.

ता. क. २. त्या खांबाचं मी जे बोललो ते मनावर घेऊ नका. मला हल्ली सगळंच दोन सूत बाहेर दिसतं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, डावा त्याच्या मागे लागलाय. सहा महिने मी भिंती हाताने चाचपून बांधतोय. हे कोणाला बोलू नका.

ता. क. ३. पुढच्या शुक्रवारी धुळ्याला ऑपरेशन आहे. फॉर्मवर 'सोबत येणाऱ्याचं नाव आणि नातं' असा रकाना होता. नूतनचं नाव लिहिणार होतो, पण हाताने भटू लिहिलं आणि पुढे भाऊ. मोबाईल नंबर मला पाठ होता, तोही दिला. तिथली बाई खात्री करायला तुम्हाला फोन करेल. राँग नंबर म्हणू नका.