शंकरचा फेटा

कोरेगाव, रविवार, ४ मार्च १९४५

शंकर कॉलेज सोडणार. बी. ए.ला एकच वर्ष राहिलेलं असताना माझा धाकटा भाऊ संस्थानच्या तालमीत पगारी पैलवान होणार, आणि आई-आबा पेढे वाटताहेत. घरात पहिली शाळेत गेले ती मी. सातवीनंतर मला थांबवलं, ते याला सांगलीला शिकवायचं म्हणून. आज ते कोणाला आठवलं नाही.

सगळं त्या गुलाबी फेट्याने केलं. वडूजच्या मैदानात शंकरने कुस्ती मारल्यावर संस्थानच्या कारभाऱ्यांनी तो त्याला भर आखाड्यात बांधला. दुपारी शंकर हळूच म्हणाला, "आक्का, मला वाटलं जिंकल्याचा फेटा हाय. बांधून झाल्यावर कळलं, चाकरीचा हाय."

"मग परत कर."

आबांनी ओट्यावरून ऐकलं. "डोक्याला बांधून घेतलेला फेटा परत करत्यात व्हय? लोकं तोंडात शेण घालतील."

"मी नेऊन देते."

"आता मास्तरीणबाई फेटं परत करनार," म्हणून आबा हसले. शंकरही हसला. त्याने का हसावं?

संध्याकाळी त्याला सरळच विचारलं, परीक्षेला बसायचं आहे ना? "व्हय," म्हणाला. तेवढ्यात तालमीतली मंडळी त्याला न्यायला आली. त्याने खुंटीवरचा फेटा काढला, आरशापुढे बांधला आणि मलाच विचारलं, "शेमला सरळ हाय का गं?"

फेट्याचा पाठीवर सोडलेला पदर वाकडा होता. मला खोटं बोलता येईना. हात वर करून मीच तो नीट करून दिला. सगळ्यात जास्त राग मी तो नीट केला याचाच येतो आहे.