सब ठीक, मॅडम

मंगळवार, संध्याकाळ. आमली, सिल्वासा.

संदीप फौजेतून कायमचा घरी आला, त्याला वर्ष होईल. झोप नाही. जेवायलाही दाराकडे तोंड करून बसतो. शेवटी सकाळी सूनबाई म्हणाली, "आबा, आज तुम्हीच न्या त्यांना डॉक्टरकडे. माझ्यासमोर तोंड उघडत नाहीत."

नेलं. डॉक्टरीणबाई त्याच्याहून लहान असतील. "कसं वाटतंय?" एवढंच विचारलं, तर हा गडी खुर्चीतून उठून ताठ उभा. हात मांड्यांना चिकटलेले.

"सब ठीक, मॅडम."

मला हसू आलं, की दुसरंच काही? आता लिहितानाही ठरत नाही. बाई म्हणाल्या, "बसा हो. मी तुमची साहेब नाही." बसला. पण हात तसेच, मांड्यांना चिकटलेले.

मीच सगळं सांगून टाकणार होतो. लहानपणी कविता म्हणताना तो अडला की पुढचा शब्द मी पुरवायचो. सवय कुठली जाते? पण बाईंनी हातानंच मला थांबवलं. मग मी भिंतीवरच्या कॅलेंडरातला फुललेला पळस बघत बसलो. आमच्या इथं खानवेलकडच्या रानात असाच फुलतो.

संदीप खाली बघत म्हणाला, "घरातच बसलेलो असतो, मॅडम, आणि घरी जायला रजा कधी मिळेल याची वाट बघत असतो."

बाई हळूच म्हणाल्या, "पुढं?"

पुढची ओळ मला येत नव्हती. त्याला येत होती.